गाऊनमधला फोटो

कॅनडात, ओटावाच्या कनाटा भागातल्या माझ्या मुलीच्या शाळेत बारावी जूनमध्ये संपते आणि बारावी झाल्याचा फोटो त्याच्या आधीच्या ऑक्टोबरमध्ये काढतात. शाळेचा पहिला ईमेल आला तेव्हा मला वाटलं, महिना लिहिण्यात काहीतरी चूक झाली असेल. चूक नव्हती. काळा गाऊन फोटोवाला आणतो, गळ्यात अडकवायची शाळेच्या रंगाची पट्टी तोच आणतो, हातात धरायची गुंडाळीही त्याचीच. मुलांनी फक्त तोंड धुऊन यायचं. पुढे त्यातलं एखादं पोर गणितात गचकलं, तरी त्याचा गाऊनमधला हसरा फोटो तोवर फ्रेम होऊन दिवाणखान्यात गेलेला असतो. तो काही कोणी परत मागत नाही.

मला याचा राग यायला नको होता. इथे राहून अशा पुष्कळ गोष्टी मी पचवल्या आहेत. मूल जन्माला यायच्या आधीच लोक त्याचे कपडे आणि पाळणा घेऊन येतात, तेव्हा मीही खोका गुंडाळून नेते आणि केक खाऊन परत येते. पण गाऊन म्हटलं की माझं डोकं फिरतं, आणि त्याला कारण माझे वडील.

नागपूरच्या आमच्या घरात, बाहेरच्या खोलीत एक भिंत आहे. वर दोन मोठे फोटो, आमच्या लोकांच्या घरोघरी असतात ते. एक डोळे मिटून शांत बसलेल्यांचा, दुसरा निळ्या कोटातल्या, चष्मा लावलेल्यांचा. त्यांच्या खाली गाऊन घातलेल्या आमच्या माणसांची रांग. काका, आत्या, दादा, मी. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सामानात तिचा गाऊनमधला फोटो होता. बाकीचं सामान उघडायच्या आधी बाबांनी तो भिंतीवर लावला. सासरी आपलं स्वागत झालं ते हातोडीच्या आवाजानं, असं ती अजून सांगते.

बाबांचा स्वतःचा फोटो त्या रांगेत नाही. त्यांचं बी.ए. शेवटच्या वर्षाला अडकलं. दिवसा कारखान्यात कारकुनी, संध्याकाळी कॉलेज, त्यातच घरात आजारपण आलं आणि परीक्षा राहिली ती राहिलीच. कोणी पाहुणा विचारायचा, तुमचा कुठे आहे हो फोटो? बाबा म्हणायचे, "मी लावणारा आहे."

त्या भिंतीला एक नियम होता. गाऊन अंगावर चढायचा तो पदवी हातात आल्यावर. आणि फोटोत हातात जो कागद असेल तो खरा असायला हवा. सीताबर्डीवरच्या स्टुडिओत खुंटीला एक गाऊन कायम टांगलेला असायचा. सगळ्या नागपूरनं तोच घातलेला, बाह्यांना दोरे सुटलेले. सोबत लाल फीत बांधलेली ड्रॉइंग पेपरची गुंडाळी. दादा बी.कॉम. झाल्यावर ती गुंडाळी हातात धरूनच फोटो काढून आला. बाबांनी फोटो खिडकीजवळ नेऊन पाहिला आणि विचारलं, "हे काय धरलं हातात?" दादा म्हणाला, स्टुडिओवाल्यानं दिलं. बाबांनी कपाटातून त्याचं खरं प्रमाणपत्र काढलं, त्याला सायकलवर डबलसीट बसवलं आणि परत स्टुडिओत नेलं. फोटो दुसऱ्यांदा काढला. या दुसऱ्या फोटोत दादाचं तोंड चांगलंच फुगलेलं आहे आणि तोच फोटो आज भिंतीवर आहे. माझी पाळी आली तेव्हा मी न सांगता प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घेऊन गेले. मार खाणाऱ्याच्या धाकट्या बहिणीला शहाणपण फुकटात मिळतं.

तर ज्या सप्टेंबरमध्ये शाळेचा ईमेल आला, त्याच महिन्यात दादाचा फोन आला. बाबांना घरीच आणलंय, म्हणाला. डॉक्टर म्हणतात आता दवाखान्यात ठेवून उपयोग नाही. बोलणं चालणं ठीक आहे, डोकं शाबूत आहे, नजर फक्त अधू झाली आहे. मग तो म्हणाला, "एकच विचारत असतात. कॅनडावालीचा गाऊनमधला फोटो कवा येते म्हणून."

मी म्हटलं, तिला अजून चार वर्षं आहेत कॉलेजची.

"तेवढी नाहीत न बाबांजवळ," दादा म्हणाला.

आम्ही दोघंही हिशोबात पक्के आहोत, त्यामुळे त्यावर आणखी काही बोललो नाही.

मला ती युक्ती सुचली त्याचं श्रेय आमच्या इथल्या मंडळातल्या एका बाईंना आहे. आदल्या वर्षी त्यांच्या मुलाचा असाच बारावीचा फोटो निघाला. त्यांनी हौसेनं तो अमरावतीला दिराकडे पाठवला. आठवड्याभरात दिराकडून उलट फोटो आला. चौकात भलामोठा फ्लेक्स लागलेला, वर गाऊनमधला त्यांचा मुलगा, खाली पाच-सात काका-मामांची गोल गोल मुंडकी आणि मजकूर, 'कॅनडा येथून उच्च पदवी प्राप्त केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. मुलगा तेव्हा फिजिक्सची शिकवणी लावून कसाबसा तग धरून होता. बाई हे सांगताना हसत होत्या. "आता काढा तरी कसं म्हणू? लोक पेढे घेऊन आले घरी."

मी त्या दिवशी पोट धरून हसले होते. दादाच्या फोननंतर मला तो फ्लेक्स वेगळ्या कारणासाठी आठवला. तिकडे कोणालाच फरक कळत नाही, हे त्यात सिद्ध झालं होतं. गाऊन तो गाऊन. मी फोटो पाठवायचा, पदवी म्हणायचं नाही, बारावी म्हणायचं नाही, काहीच म्हणायचं नाही. दादाला सांगितलं तर तो लगेच म्हणाला, "पाठव न. काहून विचार करून राहिली?" खोटं बोलायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, तुमच्या घरचं तुम्ही बघा. त्याच्या घरी भिंतीवर फक्त घड्याळ आहे.

अडचण एकच निघाली. पोरीला गाऊन घालायचा नव्हता.

तसा पर्याय शाळेनं दिलेला होता. ज्यांना नको त्यांनी आपल्या कपड्यांत बसायचं. तिनं ठरवलं होतं की ती निळा स्वेटर घालणार, आणि तो विषय तिच्यापुरता संपला होता. माझ्या बाजूनं मात्र तयारी जोरात सुरू झाली. तयारीत पहिला शत्रू म्हणजे स्विमिंग पूल. ती शनिवार-रविवार इथल्या सार्वजनिक पुलावर लाइफगार्डचं काम करते, आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी स्वतः पोहते. क्लोरीननं केसांच्या टोकांचा काथ्या झालेला, आणि पोहण्याच्या चष्म्याच्या घट्ट रबरानं डोळ्यांभोवती दोन गोल वळ उमटलेले. पोहून आल्यावर तासभर तरी ते जात नाहीत. फोटोच्या आधी निदान आठवडाभर पाण्यात उतरू नकोस, असं मी सांगितलं.

"आय हॅव शिफ्ट्स, मॉम."

"शिफ्ट बदलून घे."

"फॉर अ फोटो?"

तिच्या पोहण्याचं मला कधीच फार कौतुक नव्हतं. आमच्याकडे कोणाला पोहता येत नाही. बाबा ज्या खेड्यात वाढले तिथे विहिरीच्या कठड्याला हात लावायची सोय नव्हती. घागर खाली ठेवून लांब उभं राहायचं, कोणी वरून ओतलं तर भरायची. पाणी ही लांबून बघायची गोष्ट आहे, असं त्यांच्या अंगात भिनलेलं. अंबाझरीच्या तलावावर सहलीला नेलं तरी ते आम्हाला काठापासून दहा हात मागे बसवायचे. ही पाचव्या वर्षी पोहायला शिकायला लागली तेव्हा ते फोनवर दर वेळी विचारायचे, पाणी किती खोल आहे. इथे प्रत्येक मूल शिकतं म्हणून मी तिला घातलं, आणि कधीतरी ती सोडून देईल असं धरून चालले. तिनं सोडलं नाही. परीक्षा देत देत ती लाइफगार्ड झाली तेव्हा पोहण्याच्या क्लबनं तिला शिक्का मारलेला जाड कागद दिला. मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला आणि त्याबद्दल विसरूनही गेले.

फोटोच्या आधीच्या आठवड्यात मी तिला भुवया करायला नेलं. आमच्या भागात एक पंजाबी बाई घराच्या बेसमेंटमध्ये पार्लर चालवतात. दोरा दातात धरून त्या हिंदीत म्हणाल्या, "कितनी अच्छी स्किन है, बस थोड़ी टॅन हो गयी. ग्रॅड फोटो है ना? गाउन में सब गोरे लगते हैं." पोरीनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली आणि भिंतीवरचे मेंदीचे नमुने बघत बसले.

घरी येताना गाडीत ठिणगी पडली. मी म्हटलं, गाऊन घालायचाच आहे, आजोबांसाठी. ती म्हणाली, आय हॅवन्ट ग्रॅज्युएटेड. इट्स फेक. मी म्हटलं, सगळेच घालतात. ती म्हणाली, तेच तर, सगळ्यांना देतात म्हणूनच तो फेक आहे. मग तिनं तिच्या मोडक्या मराठीत एकदम विचारलं, "आजोबाला माहिती आहे? की हा हायस्कूलचा आहे?"

मी म्हटलं, आजोबा आजारी आहेत.

"दॅट्स नॉट व्हॉट आय आस्क्ड."

ती दहा वर्षांची असताना आम्ही नागपूरला गेलो होतो. त्या उन्हाळ्यात बाबांनी तिला ती भिंत फोटो-फोटो करून समजावली होती. मामाला सायकलवर बसवून परत नेलं ती गोष्ट तर दोन वेळा सांगितली. रांगेच्या टोकाला, वहिनीच्या फोटोनंतर, भिंतीचा एक मोकळा तुकडा आहे. तो बोटानं दाखवून ते तिला म्हणाले होते, "हे तुयं." मला वाटलं होतं, ती सगळं विसरली असेल. तिला मराठी महिने येत नाहीत, आत्या आणि मावशी यांत ती अजून गोंधळते. पण गाडीत तिनं ती गोष्ट मला जशीच्या तशी ऐकवली, इंग्रजीत, लाल फितीसकट. ज्या घरात मी नियम शिकले त्याच घराचा नियम मला उलट शिकवला जात होता, आणि तोही सिग्नलला थांबलेल्या गाडीत. मला तिचा भयंकर राग आला. ती बरोबर होती म्हणूनच आला असावा. मी तिला म्हटलं, तुला माणूस मोठा की नियम? ती खिडकीबाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात माझ्या पाठीमागून येऊन ती म्हणाली, "ओके. आय विल वेअर इट." मी आमटीला फोडणी देत होते. मी वळलेही नाही. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं काही वाटलं नाही.

शाळेतल्या वेळा भरल्या होत्या, म्हणून आम्हाला शनिवारी स्टुडिओत बोलावलं होतं. स्टुडिओ म्हणजे ग्रोसरीच्या दुकानांच्या ओळीतला एक गाळा. एका बाजूला दातांचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला पिझ्झा. ती सकाळची शिफ्ट आणि त्यावर स्वतःचं पोहणं उरकून थेट पुलावरून आली. डोळ्यांभोवती ते दोन गोल वळ अगदी टवटवीत होते, आणि वेणीतून पाणी ठिबकत होतं. मी गाडीत हेअर ड्रायर ठेवला होता. स्टुडिओच्या वॉशरूममध्ये मी तिचे केस वाळवले, वळांवर पावडर थापली, पण जितकी थापावी तितके ते नीट दिसायला लागले. शेवटी तिनंच माझा हात बाजूला केला.

फोटोवाला तरुण होता, दिवसभर तेच ते करून कंटाळलेला, पण वागायला गोड. त्यानं तिला गाऊन चढवला. गाऊन मागून उघडा असतो, हे मला तेव्हा कळलं. पुढून घालायचा आणि पाठीला चिमटे लावायचे, जेणेकरून कोणत्याही अंगाला बसेल. आमच्या सीताबर्डीच्या गाऊनला निदान पाठ होती. मग त्यानं तिच्या हातात गुंडाळी दिली. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा, त्याला फीत.

तिनं ती नळी स्टुलावर ठेवली, आपल्या पोहण्याच्या बॅगेकडे गेली आणि टॉवेलखालून एक फाइल काढली. फाइलमध्ये क्लबचा तो शिक्क्याचा कागद होता. तिनं तो माझ्या ड्रॉवरमधून कधी काढला, मला पत्ता नाही. कागद छातीशी धरून ती बसली आणि फोटोवाल्याला म्हणाली की हा असाच यायला हवा, अक्षरं वाचता येतील असा. त्यानं वाचलं, शिटी वाजवली आणि म्हणाला, कूल. मग चमक येऊ नये म्हणून त्यानं दिवा जरा वळवून घेतला.

मराठीत भांडण करायला तो गाळा फार लहान होता. पण माझ्या मनात आलं की सगळा बेत बुडाला. नुसता गाऊन असता तर मी गप्प राहून निभावलं असतं. आता फोटोत वाचता येईल असा एक कागद होता, आणि तो पदवीचा नव्हता. जाताना गाडीत मी एवढंच विचारलं, हे काहून केलंस? रागात माझं नागपूर बाहेर येतं. ती म्हणाली, "ही विल आस्क, मॉम. व्हॉट्स इन द हॅन्ड. यू नो ही विल."

फोटो आले. सगळ्यात बरा होता तो मी दादाला पाठवला. दादानं तो मोठा करून छापून आणला. पुढच्या शनिवारी सकाळी, तिकडे संध्याकाळ असताना, व्हिडिओ कॉल लावला. आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. तिकडे बाबा उशांना टेकून बसलेले, हातात फोटो, दुसऱ्या हातात भिंग. चेहरा निम्मा झाला होता. मी त्यांना बघून कसंनुसं हसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते भिंग फिरवत फोटो बघत होते, वरून खाली, सावकाश.

"गाऊन आहे," ते म्हणाले.

"हो बाबा," दादा म्हणाला.

"डोळ्याले काय झालं पोरीच्या?"

"चष्म्याचे वळ आहेत," मी म्हटलं. "पोहायच्या."

भिंग खाली आलं आणि थांबलं. "हातात काय आहे?"

दादा कॅमेऱ्याच्या बाहेर गेला. माझ्याकडे एक क्षण होता. सर्टिफिकेट आहे, एवढंच म्हटलं असतं तरी ते खोटं नव्हतं. मी तोंड उघडलं, आणि माझ्या शेजारून आवाज आला.

"आजोबा, डिग्री नाही ते. मी ट्वेल्थमध्ये आहे. गाऊन त्यांचा आहे, पेपर माझा आहे."

बाबांनी भिंग बाजूला ठेवलं. "कायचा पेपर?"

"लाइफगार्डचा. म्हणजे पाण्यात कोणी बुडत असलं, तर मी काढते."

"कोणाले?"

"कोणालापण."

"पाणी कोणाचं आहे?"

तिला प्रश्न कळला नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला कळला होता, पण मी मदत केली नाही. "पब्लिक पूल आहे, आजोबा," ती म्हणाली. "सगळ्यांचा."

"आन् तू उतरते त्यात?"

"माझा जॉब आहे तो."

"लोकं ऐकतात तुयं?"

"ऐकावंच लागतं. मी व्हिसल वाजवली की सगळ्यांना बाहेर यायला लागतं. एव्हरीबडी."

"सगळ्यायले?"

"सगळ्यांना."

बाबा हसायला लागले. आवाज फारसा नव्हता, पण खांदे हलत होते, आणि ते थांबेनात. खोकला आला तरी थांबेनात. वहिनी पाणी घेऊन आली, त्यांनी घोट घेतला, परत "सगळ्यायले" म्हणाले आणि परत हसले. इतके हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पोरगी पण हसत होती, तिला आपण काय विनोद केला ते ठाऊक नसताना. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. टेबलावर पेपर टॉवेल होता, तो घेतला.

मग त्यांनी फोटो परत हातात घेतला आणि त्यांचा आवाज भिंतीसमोर उभं राहून बोलायचे तसा झाला. "कागद खरा आहे," ते म्हणाले. "गाऊन अजून नाही. भिंतीवर नाही लावायचा. डिग्री आली की दुसरा काढजो, तो लावू. हा मायाजवळ राहू दे."

दादा मागून म्हणाला, "बाबा, लावून टाकू न, काय होते?"

"अजून नाही," बाबा म्हणाले.

फेब्रुवारीत ते गेले. पोरीच्या परीक्षा चालू होत्या, मी एकटीच निघाले. ओटावात बर्फ पडत होता, विमान उशिरा सुटलं, आणि मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. माणूस गेल्यावर काही दिवसांनी होतो त्या जलदान विधीला मात्र मी होते. नातेवाईक आले, वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. मग बाहेरच्या खोलीत आम्ही घरचेच उरलो.

दादानं बाबांचा फोटो मोठा करून आणला होता, कारखान्यातून निवृत्त झाले त्या दिवशीचा, कोट घातलेला. टेबलावर भिंतीला टेकवून ठेवला होता. तो आता लावायचा होता. दादा स्टूल घेऊन उभा राहिला. रांगेच्या टोकाला, वहिनीच्या फोटोपुढे, एक नवा खिळा होता. मी गेल्या खेपेला आले तेव्हा तो नव्हता.

"इथेच लावतो," दादा म्हणाला. "खिळा आहेच."

"तो त्यांचा नाही," वहिनी म्हणाली. "पोरीचा आहे. बाबांनी ठोकायला लावला मले. तुम्ही बँकेत होते." फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. बाबांना उठवत नव्हतं, ते पलंगावरून हातानं दाखवत होते, जरा वर, जरा डावीकडे.

मग तिनं बाबांच्या उशीखालून पोरीचा फोटो काढून आणला. कडा मऊ पडल्या होत्या, आणि कागद होता त्या जागी बोटांचे डाग होते. दादानं तो हातात घेतला. मग म्हणाला, आता बाबा नाहीत, नियम कोणासाठी पाळायचा? एवढी त्यांची इच्छा होती, हाच लावून टाकू खिळ्यावर. मला ते पटलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तो रिकामा खिळा बघवत नव्हता.

मी पोरीला कॉल लावला. इकडे रात्रीचे दहा वाजून गेले होते, तिकडे ती शाळेतल्या जेवणाच्या सुट्टीत होती, मागे मुलांचा गलका. मी फोन फिरवून तिला भिंत दाखवली, खिळा दाखवला, तिचा फोटो हातात धरलेला मामा दाखवला. विचारलं, लावू?

तिनं फोन डोळ्यांजवळ नेला.

"मामा, नको," ती म्हणाली. "अजून नाही."

मराठीत म्हणाली. दादा स्टुलावरून खाली उतरला.